हा परंतु कुणाचा?

आप्पांना 'परंतु' या शब्दाचा राग होता. बोलण्यातल्या परंतुचा नव्हे. बोलताना ते 'पण' म्हणायचे, आणि भरपूर म्हणायचे. राग होता तो कायद्यातल्या परंतुचा. एखादं कलम सरळ चालत येतं, माणसाच्या हातात काहीतरी ठेवतं, आणि मग खाली नव्या ओळीवर 'परंतु' येतो आणि दिलेल्यातलं थोडं काढून घेतो. समितीच्या बैठकीत आप्पा कलम मोठ्यानं वाचायचे, परंतुपाशी थांबायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विधी विभागाच्या उपसचिवांकडे बघून विचारायचे, "हा परंतु कुणाचा?"

पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा उपसचिव गोंधळले. "कुणाचा म्हणजे, सर? मूळ कायद्यातच आहे."

"आभाळातून पडला न्हाई ना? कुणीतरी मागितला असंल. कुणाला पाहिजे हुता आन् कशापायी, ते सांगा. मग बघू ठेवायचा का काढायचा."

उपसचिव बिचारे त्या आठवड्यात जुन्या फायली उपसत बसले. पुढच्या बैठकीला आले ते प्रत्येक परंतुची जन्मकथा घेऊनच. मला वाटतं, त्यांनाही त्यात मजा यायला लागली होती.

मी त्या वेळी विधिमंडळाच्या सचिवालयात अधिकारी होते. गावकारभाराचा कायदा फार जुना झाला होता. वेळोवेळी ठिगळं लावून त्याची गोधडी झाली होती. तो पहिल्या पानापासून तपासायचा, लोकांचं म्हणणं ऐकायचं आणि काय बदलावं ते सभागृहाला सांगायचं, या कामासाठी सगळ्या पक्षांच्या आमदारांची एक समिती नेमली गेली. आप्पा तिचे अध्यक्ष झाले. समितीचं टिपण, पत्रव्यवहार, दौरे हे सगळं माझ्याकडे होतं. त्यामुळे त्या काळात मी घरच्यांपेक्षा आप्पांचा आवाज जास्त ऐकला.

आप्पा नेवाशाकडचे. कालव्याचं पाणी, घरचा ऊस, तरुणपणी चार-पाच वर्षं तालुक्याच्या कोर्टात वकिली. इंग्रजी उत्तम वाचायचे, पण बोलायचे अगदी गावच्या बोलीत, आणि ते मुद्दाम. पहिल्या दिवशी मी त्यांना 'सर' म्हटलं. "सर शाळेत असत्यात. आप्पा म्हना. तुमी कुठल्या?" माझं माहेर राहुरीचं म्हटल्यावर ते खूश झाले आणि तेव्हापासून त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. मी 'राहुरीच्या ताई' झाले.

मुंबईतल्या त्या थंडगार दालनात, चामड्याच्या खुर्चीवर, आप्पा चपला काढून मांडी घालून बसायचे. चष्म्याला मागून बुटाची नाडी बांधलेली. बिस्किटांच्या बशा आल्या की त्या बाजूला सारून पिशवीतून पेरू काढायचे, नाहीतर बोरं. सगळ्या आमदारांना वाटायचे, मग अधिकाऱ्यांना, मग दारावरच्या शिपायाला. बोरांच्या बिया कुठे टाकायच्या हा प्रश्न मोठमोठ्या सचिवांना पडलेला मी पाहिला आहे. समोर छापील अजेंडा असायचा. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला बिया ठेवून ते लोक गंभीर चेहऱ्यानं कलमांवर बोलायचे.

सकाळी लवकर फोन यायचा. मागे गाईचं हंबरणं, बादलीचा आवाज. "ताई, आज जे कलम घ्यायचंय ते वाचलं का? मला काय त्यात डोकं न्हाई दिसत, नुसतं धड हाय." मी चहाचा कप बाजूला ठेवून पुस्तक उघडायची. बहुतेक वेळा त्यांचं म्हणणं बरोबर असायचं. चुकीचं असलं तर मात्र ते कबूल करायला त्यांना दोन दिवस लागायचे, आणि कबुली फार विचित्र पद्धतीनं यायची. एकदा त्यांनी उपसचिवांना सगळ्यांसमोर 'कागदाचा किडा' म्हटलं. उपसचिवांचे कान लाल झाले. दुपारच्या सुटीत मी खाली कँटीनमध्ये गेले तर आप्पा रांगेत उभे. अध्यक्ष असून रांगेत. दोन्ही हातांत दोन चहा घेऊन ते उपसचिवांच्या टेबलापाशी गेले, समोर बसले आणि आपल्या बायकोच्या गुडघेदुखीबद्दल बोलत राहिले. माफीचा शब्द काढला नाही. उपसचिवांनी चहा प्यायला. झालं, मिटलं.

त्यांची आणखी एक रीत होती. तिला ते 'कलम चालवणं' म्हणायचे. तरुणपणी गावच्या जत्रेतल्या नाटकात त्यांनी कामं केली होती. ती हौस त्यांनी कायद्यावर भागवून घेतली. कलम वाचून झालं की म्हणायचे, "कागदावर समदी कलमं चालत्यात. जरा जमिनीवर चालवून बघू." मग एका आमदाराला सरपंच करायचे, दुसऱ्याला तक्रारदार, मला ग्रामसेवक. पहिल्यांदा सगळे हसले. दोन-तीन बैठकांनंतर लोक खुर्च्या सरकवून आपापली भूमिका मागायला लागले.

असंच एक कलम आलं गैरहजेरीचं. पंचायतीचा सदस्य रजा न घेता सलग काही महिने गावाबाहेर राहिला, सभांना आला नाही, तर त्याचं पद जातं. वाचायला अगदी रास्त. दोन मिनिटांत पुढे जाऊ असं सगळ्यांना वाटलं. आप्पांनी मात्र चष्मा वर सरकवला.

"उपसचिव साहेब, तुमी ऊसतोड कामगार."

"मी?"

"व्हय. गाव पाथर्डीच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला. तुमी पंचायतीवर निवडून आलाय. दसरा झाला, मुकादमाचा ट्रक आला. तुमाला पुणतांब्याच्या बाजूला धाडू, नदीकाठी ऊस लई. जावा, तिकडं टोकाला बसा."

उपसचिव उठून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

"ताई, गावात सभा हाय. नोटीस द्या यांना."

मी कोरा कागद घेऊन त्यांच्या रिकाम्या खुर्चीपाशी गेले. "घरी कुणी नाही, आप्पा. कुलूप आहे."

"मग?"

"दाराला चिकटवते." मी कागद खुर्चीच्या पाठीला लावला.

"चिकटवा. पुढच्या म्हैन्याची बी चिकटवा. त्याच्या पुढची बी. सभा झाल्या, सदस्य गैरहजर. तक्रार झाली, सुनावणीची नोटीस बी दारालाच. पद गेलं." मग ते टेबलाच्या टोकाकडे वळले. "साहेब, तुमाला कळलं कवा?"

उपसचिवांनी टेबलापलीकडून खुर्चीवरच्या त्या कागदाकडे बघितलं. मग म्हणाले, "हंगाम संपवून घरी आल्यावर. दार उघडताना."

दालनात कुणी हसलं नाही.

समितीत विदर्भातले एक वकील आमदार होते. दुसऱ्या पक्षाचे, अभ्यासू, आणि आप्पांशी भांडायला कायम तयार. ते म्हणाले, "आप्पा, नाटक छान झालं. पण हे कलम उगाच आलेलं नाही. माझ्या मतदारसंघात एक सदस्य निवडून आला आणि पुण्यात फ्लॅट घेऊन राहिला. गावाला तोंड दाखवलं नाही. सभेला माणसं भरेनात, कामं अडली. या कलमानंच त्याला काढता आलं. तुम्ही दार उघडलं तर असा प्रत्येक जण म्हणेल, मी कामाला गेलो होतो."

आप्पा डोकं खाजवत राहिले. "हे बी खरं हाय," ते म्हणाले. आप्पांच्या तोंडून हे वाक्य मी फार कमी वेळा ऐकलं. "मग ज्यांच्यावर हे कलम पडतंय त्यास्नीच इचारू."

दौरा ठरला. जिल्हा आपलाच; कागदावर अहिल्यानगर, तोंडात अजून नगर. मी जानेवारीचा कार्यक्रम आखून नेला. हवा चांगली, आमदारांना सोयीचं. आप्पांनी तो बघितला आणि कागद परत माझ्याकडे सरकवला.

"जानेवारीत तिथं कोन भेटनार तुमाला? म्हातारी आन् कुत्री. मानसं समदी उसाच्या फडात. मे म्हैन्यात ठेवा."

"मे महिन्यात आप्पा, ऊन..."

"ऊन त्यास्नी बी लागतंयच."

आम्ही मे महिन्यात गेलो. नगरच्या विश्रामगृहातून सकाळी निघालो तेव्हाच गाडीचे दरवाजे तापले होते. गाव डोंगराच्या पायथ्याशी. बोडके माळ, बाभळी, टँकरची वाट बघत उभी निळी पिंपं. शाळेच्या एका खोलीत बैठक होती. वर पत्रा. आमदारांचे सदरे अंगाला चिकटले होते. आप्पा ताकाचा तांब्या शेजारी ठेवून मांडी घालून बसले होते, तसेच, मुंबईत बसायचे तसे.

साक्ष द्यायला मंदाबाई आल्या. चाळिशीच्या, उंच, उन्हानं करपलेल्या. दोनच वर्षांपूर्वी वस्तीनं त्यांना पंचायतीवर पाठवलं होतं आणि यंदा हंगामावरून परत आल्यावर त्यांना कळलं होतं की आपण सदस्य राहिलो नाही. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"तुम्ही समदे मोठे लोक आले, बरं झालं," त्या म्हणाल्या. "पर उशिरा आले. आमच्या वस्तीवर पान्याची टाकी व्हनार व्हती. त्याच्यासाठीच म्या उभी राहिले व्हते. म्या तिकडं फडात, अन् इकडं टाकी गावात न्हेली. सभेत हात वर करायला म्या नव्हते."

वकील आमदारांनी विचारलं, "जाताना रजेचा अर्ज दिला होता का?"

"ग्रामसेवकाला सांगून गेलते. तोंडानं. ट्रक रातच्याला आला, पोरं उचलली, भांडी उचलली. अर्ज कुठं लिव्हत बसू?"

"रजा मागता येते, हे माहीत होतं?"

"रजा?" मंदाबाई म्हणाल्या. "साहेब, म्या उभ्या जल्मात कुनाला रजा मागितली न्हाई. आमच्यात रजा म्हंजी खाडा. खाडा केला की पैशे कापत्यात."

मी लिहून घेत होते. पुढची साक्ष तक्रारदाराची, म्हणजे गावच्या उपसरपंचांची. त्यांचं नाव पुकारलं गेलं आणि पांढरं धोतर नेसलेले एक भारदस्त गृहस्थ आत आले. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला, आणि आप्पांना बघून ते किंचित हसले. आप्पा हसले नाहीत. ते उठून उभे राहिले, पायात चपला घातल्या. आप्पांनी चपला घालणं म्हणजे काहीतरी झालं, एवढं मला कळत होतं.

"ताई, लिहून घ्या," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच मी त्यांना स्वच्छ पुस्तकी भाषेत बोलताना ऐकलं. "साक्षीदार हे अध्यक्षांचे व्याही आहेत. अध्यक्षांची मुलगी त्यांच्या घरात दिलेली आहे. तक्रार त्यांनी केली होती हे अध्यक्षांना आत्ता, नाव पुकारल्यावर समजले. या साक्षीपुरते अध्यक्ष बाहेर बसतील." मग वकील आमदारांकडे वळून म्हणाले, "खुर्ची तुमी सांभाळा."

आणि ते बाहेर गेले. शाळेच्या अंगणात लिंबाखाली एक मोडका बाक होता, त्यावर बसून राहिले. खिडकीतून ते मला दिसत होते.

व्याही वाईट माणूस नव्हते. तेही इथं सांगितलं पाहिजे. ते म्हणाले, "सदस्य निम्मे फडावर. सभा भरना. टाकीचा निधी परत जायची येळ आली. मी कायद्यानं चाललो. कायद्यात जे हाय तेच केलं. आता कायदाच चुकला म्हनत असाल तर माझा काय गुन्हा?" वकील आमदारांनी त्यांना विचारलं, टाकी गावातच का? त्यावर ते म्हणाले, बहुमत. बहुमत कुणाच्या गैरहजेरीत झालं, हे त्यांना कुणी विचारलं नाही. ते सगळ्या खोलीला माहीत होतं.

परत येताना आप्पा आणि मी एका गाडीत होतो. नगर यायच्या आत फोन आला. आप्पांना कानाला फोन लावायचा कंटाळा. ते स्पीकर लावून मांडीवर ठेवायचे, त्यामुळे सगळं मलाही ऐकू आलं. त्यांची मुलगी, वैशाली.

"आप्पा, राज्यात एवढी गावं आहेत. कायदा सुधारायला तुम्हाला माझंच घर सापडलं का?"

"वैशू, तक्रार व्याह्यांची हाय हे मला ठावं नव्हतं."

"माहीत नव्हतं, मग माहीत झाल्यावर तरी गप्प बसायचं. उठून बाहेर गेलात. सगळ्या गावानं बघितलं. मामंजी जेवले नाहीत. म्हणतात, व्याह्यानं मला आरोपीसारखं केलं."

"मी तिथं तुजा बाप म्हनून बसलो नव्हतो, बाळा."

 मग ती म्हणाली, "मग माझा बाप म्हणून कधी बसणार? बाळाच्या बारशाला अधिवेशन होतं. घरभरणीला दौरा होता. आज माझ्या दारात आलात, तर समिती घेऊन आलात."

फोन बंद झाला. आप्पांनी तो उचलून खिशात ठेवला आणि खिडकीची काच खाली केली. बाहेरची गरम हवा आत आली. ड्रायव्हरनं एसी बंद केला. 

मला वाटलं, आता या कलमाचा विषय ते हळूच बाजूला सारतील. समितीपुढे शंभर कलमं होती. एक जसंच्या तसं राहिलं असतं तर कुणी विचारलं नसतं. पुढच्या बैठकीला ते पेरू घेऊन आले नाहीत, एवढाच फरक. मांडी घालून बसले आणि म्हणाले, "गैरहजेरीचं कलम. घ्या."

त्यावर तीन बैठका झाल्या. वकील आमदार हट्टाला पेटले होते, आणि आप्पांना तो हट्ट हवाच होता असं आता वाटतं. प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "तुमचा पुण्याचा फ्लॅटवाला यातून सुटतोय का बघा. सुटत असंल तर भोक बुजवा." शब्द घासून घासून कलम तयार झालं. सवलत फक्त हंगामी मजुरीला जाणाऱ्यांना. जाण्याआधी कळवायचं; तोंडी कळवलं तरी ग्रामसेवकानं ते लिहून घ्यायचं. गावातल्या एका माणसाचं नाव द्यायचं. सभेची नोटीस त्या माणसाला द्यायची आणि त्यानं ती पोचवायची. एवढं केलं तर तो काळ रजा धरायचा, आणि त्या काळात त्या सदस्याच्या वस्तीचं काम दुसरीकडे हलवायचं असेल तर तो परत येईपर्यंत थांबायचं.

उपसचिवांनी मसुदा करून आणला. वाचायला अर्थातच आप्पा. त्यांनी मूळ कलम मोठ्यानं वाचलं, खालच्या ओळीवर आले, आणि सवयीनं थांबले. चष्मा वर गेला.

"हा परंतु कुणाचा?"

उपसचिवांनी फार शांतपणे सांगितलं, "आप्पा, हा तुमचा."

सगळं दालन हसलं. वकील आमदार तर टेबलावर हात आपटून हसले. आप्पा कागदाकडे बघत राहिले. मूळ कलम तसंच होतं आणि खाली 'परंतु, हंगामी मजुरीसाठी गावाबाहेर जाणाऱ्या सदस्याच्या बाबतीत...' अशी सुरुवात करून सगळी सवलत आली होती. कायद्यात सवलत घालायची तर तिला यायला तेवढीच वाट होती.

"म्हंजी परंतु देतो बी म्हना की," आप्पा पुटपुटले.

मग त्यांनी आणखी एक परंतु मागितला. आजवर या कलमाखाली ज्यांची पदं गेली त्यांना ती परत मिळावीत. उपसचिवांनी समजावलं की, नवा कायदा पुढं बघतो. आधीच दिलेले निकाल असे एका ओळीनं पुसता येत नाहीत, उद्या त्या जागांवर निवडून आलेल्यांचं काय करायचं? आप्पा भांडले. आवाज चढवला. वकील आमदारही या वेळी उपसचिवांच्या बाजूनं होते. मत घेतलं तेव्हा आप्पांच्या बाजूला दोनच हात होते, त्यातला एक त्यांचा स्वतःचा. आयुष्यभर परंतुंशी भांडलेल्या माणसानं स्वतःहून एक परंतु मागितला, आणि तोच त्याला मिळाला नाही. त्या दिवशी ते कँटीनच्या रांगेत गेले नाहीत. दालनातच बसून राहिले. चहा घेऊन उपसचिव वर आले, त्यांच्यासमोर कप ठेवला आणि समोरच्या खुर्चीवर बसले. 

अहवाल सभागृहात गेला, सरकारनं त्यावरून विधेयक आणलं, आणि थोडी काटछाट होऊन ते मंजूर झालं. वस्तीचं काम हलवणं थांबवायची अट गेली. बाकीचं राहिलं. सभागृहात त्या कलमावर कुणी फारसं बोललंही नाही. गोंधळ दुसऱ्याच विषयावर चालू होता आणि त्या गोंधळात आवाजी मतदानानं ते पास झालं. मी अधिकाऱ्यांच्या गॅलरीत होते. आप्पा आपल्या बाकावर उभे राहिले, काहीतरी बोलायचं होतं त्यांना, पण सभागृहाच्या अध्यक्षांनी पुढचा विषय पुकारला आणि ते बसले.

पुढच्या निवडणुकीत ते उभे राहिले नाहीत. तब्येतीचं कारण छापून आलं. खरं म्हणजे पक्षानं त्यांना विचारलंच नव्हतं. मी फोन केला तर म्हणाले, "बरं झालं. डोळ्याचं आपरेशन करून घेतो. दोन्ही डोळ्यांचं."

त्या हिवाळ्यात मी राहुरीला माहेरी आले होते. एका सकाळी दारात गाडी थांबली. आप्पा पुढच्या सीटवर, डोळ्यांना हिरवा चष्मा. गाडी चालवत होती वैशाली. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. आवाज मात्र ओळखीचा.

"यांना गाडी चालवता येत नाही आणि ड्रायव्हरबरोबर जायचं नाही म्हणतात," ती म्हणाली. "मलाच चल म्हणाले. कुठं, ते सांगत नाहीत."

"पुणतांब्याला," आप्पा म्हणाले. "मंदाबाई तिथं फडावर हायेत. ताई, त्या कलमाची परत घ्या बरोबर."

वैशालीनं स्टिअरिंगवरचे हात काढले. मंदाबाई तिच्याच गावच्या, आणि तिच्याच सासऱ्यांनी काढलेल्या. वर्ष होऊन गेलं तरी व्याह्यांनी आप्पांच्या घरी पाऊल ठेवलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. ती काही बोलेल असं वाटलं. तिनं गाडी सुरू केली.

नदीच्या अंगाला, मोकळ्या रानात, पाचटाच्या झोपड्यांची, कोप्यांची वस्ती होती. दुपारची वेळ, काही बायका मोळ्या बांधून परत आल्या होत्या, चुली पेटल्या होत्या. मंदाबाईंनी आम्हाला ओळखलं. एका कोपीतून त्यांनी पोतं आणून अंथरलं. आप्पा बसले. वैशाली उभीच राहिली, गाडीला टेकून.

"मंदाबाई," आप्पा म्हणाले, "कायदा झाला. पन तुमची जागा परत देता आली न्हाई. लई भांडलो. न्हाई जमलं. ते तुमाला मी सोता सांगावं म्हनून आलो."

मंदाबाईंनी कपाळावरचा घाम पदरानं टिपला. "माहं गेलं ते गेलंच व्हतं, आप्पा. म्या कुठं वाट बघत व्हते? पुढल्याला काय लिव्हलंय ते वाचा."

मी वाचलं. आजूबाजूच्या बायका जवळ आल्या. सरकारी भाषेतलं एक-एक वाक्य वाचून मी ते साध्या बोलण्यात सांगत गेले. तोंडी कळवलं तरी चालेल, या वाक्याला एक म्हातारी म्हणाली, "हे ब्येस केलं." नोटीस घेणाऱ्या माणसाचं नाव द्यायचं, इथं मंदाबाईंनी मला थांबवलं.

"म्हंजी जाताना एकाचं नाव सांगून जायचं."

"हो."

"अन् सांगू कुनाचं? वस्तीवर उरतंय कोन? माही सासू, तिला दिसत न्हाई. शेजारचा म्हातारा, त्याला सकाळचं संध्याकाळी आठवत न्हाई. बाकी समदं इथंच हाय तुमच्या म्होरं."

 आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. तीन बैठका, इतके आमदार, इतके वकील. कुणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं. "इथवर चालवून बघायचं राहिलं," ते हळूच म्हणाले. एवढं थकलेलं मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. हिरव्या चष्म्याआड त्यांचे डोळे दिसत नव्हते, पण पोत्यावर त्यांचा हात उगाच एक पाचटाचं पान मोडत होता.

"माझं द्या," मागून आवाज आला.

वैशाली गाडीपासून पुढे आली होती.

"काय म्हनली?" मंदाबाईंनी विचारलं.

"माझं नाव द्या. पुढच्या वेळी निवडून आलात आणि फडावर आलात की नोटीस माझ्याकडे येऊ द्या. मी फोन करीन. सभेत काय विषय आहे ते वाचून दाखवीन."

एक बाई खुदकन हसली. मंदाबाई हसल्या नाहीत. "तू त्या घरात राहती, पोरी. उपसरपंचाच्या दारात माही नोटीस?"

"दारात नाही. माझ्या हातात."

"घरात इचारलं का?"

"नाही. आज जाऊन सांगणार आहे."

 आप्पा मान वळवून मुलीकडे बघत होते, आणि ती त्यांच्याकडे मुळीच बघत नव्हती. मग मंदाबाई कोपीत गेल्या, टोपलीतल्या कपड्यांतून एक जुना मोबाईल काढून आणला आणि म्हणाल्या, "सांग तुहा नंबर."

वैशालीनं सांगितला. मंदाबाईंनी एकेक आकडा सावकाश दाबला आणि तिथल्या तिथं फोन लावला. वैशालीच्या पर्समध्ये तो वाजायला लागला. मंदाबाईंनी तो पूर्ण वाजू दिला.

"लागतो," त्या म्हणाल्या, आणि कोयता उचलून फडाकडे निघाल्या.